प्रश्नदूताचे अज्ञान

चांद्रतळावर जाणाऱ्या कामगारांना नागपूरच्या केंद्रात इंग्रजी शिकवण्यासाठी प्रश्नमंजूषेचा खेळ आणला, तेव्हा वर्ग आणखीनच गप्प झाला. तळावर अनेक देशांचे लोक होते आणि रेडिओवर बोलायची भाषा एकच, इंग्रजी. प्रश्नदूत हे यंत्र प्रश्न विचारी, कामगार बटण दाबत आणि उत्तर बरोबर येई. तोंड मात्र कुणी उघडत नसे. मिरजेची वेल्डर रुक्साना तांबोळी गुणांत सर्वांत पुढे होती, पण महिनाभरात ती इंग्रजीत एक वाक्यही बोलली नव्हती.

"यंत्रात दोष नाही, मॅडम," प्रश्नदूत घडवणारे भास्कर गजभिये म्हणाले.

"प्रश्नांत आहे," भाषातज्ज्ञ इरावती नेरुरकर म्हणाल्या. "विचारणाऱ्याला उत्तर माहीत असलं की ती परीक्षा होते. परीक्षेत माणूस चूक टाळतो, बोलत नाही. घरी आपण 'भाजीत मीठ घातलंस का?' असं विचारतो, ते माहीत नसतं म्हणूनच ना?"

गजभिये विचारात पडले. "म्हणजे यंत्राने स्वतःचं अज्ञान मोजायचं, आणि ते जिथे सर्वांत जास्त तिथलाच प्रश्न विचारायचा?"

"आणि उत्तर ज्याच्यापाशी असेल, त्याच्याकडून इतरांनी ते इंग्रजीत बोलून काढायचं. गुण त्या बोलण्याचेच."

त्यांनी यंत्रात तसा 'अज्ञानमापक' बसवला. दुसऱ्या दिवशी प्रश्नदूताने विचारले, "जोड कच्चा आहे हे रुक्सानाला दिसण्याआधी कशावरून कळतं?" सगळे तिच्याकडे वळून इंग्रजीत विचारू लागले. वासावरून? रंगावरून? "नाही, नाही!" ती मोडक्या इंग्रजीत ओरडली. "आवाज! चांगला जोड तळणीसारखा बोलतो!" वर्गात हशा पिकला. त्यानंतर तासाचा गलबला बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत येऊ लागला.

निवडीच्या दिवशी, तळावर कोण जाणार हे ठरवणारी समिती आली. अध्यक्ष प्रतापराव दाभाडे निवृत्त अंतराळवीर होते. "यंत्रालाच परीक्षा घेऊ दे," ते म्हणाले.

प्रश्नदूत प्रश्नच विचारेना. "या कामगारांबद्दल त्याला आता नवीन काही विचारायचं उरलंच नाही," गजभिये नेरुरकरांच्या कानाशी पुटपुटले.

मग यंत्र बोलले. "तळावर गेलेल्या पहिल्या तुकडीतले दोघे गुदमरून गेले. त्यांनी मदत का मागितली नाही? उत्तर दाभाडेंपाशी असण्याची शक्यता सर्वांत जास्त."

दाभाडेंचा चेहरा उतरला. त्या अपघाताची चौकशी त्यांनीच केली होती आणि कारण 'अनिश्चित' असे जाहीर झाले होते. नेरुरकर यंत्र बंद करायला उठल्या, पण खेळ सुरू झाला होता.

"रेडिओ बिघडला होता का?" रुक्सानाने इंग्रजीत विचारले.

"नाही."

"त्यांना इंग्रजी येत नव्हतं?"

"परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते. ती परीक्षा मीच घेतली होती."

रुक्साना हळू आवाजात म्हणाली, "चूक होईल म्हणून घाबरले?"

दाभाडेंनी मान खाली घातली. "रेडिओ चालू होता, त्याचं रेकॉर्डिंग मी ऐकलं. एकजण दुसऱ्याला मराठीत विचारत होता, झडपेला इंग्रजीत नेमका शब्द कोणता. हवा संपेपर्यंत ते शब्दच शोधत होते."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाही."

निवडीचे कागद बाजूला सारून दाभाडेंनी आपली खुर्ची कामगारांच्या रांगेत ओढली.

"विचारा," ते म्हणाले. "अजून बरंच सांगायचं आहे."