कुंदाबाईची फुली

मोबाईलवरचं ते शूटिंग आधी बंद कर, तेजस. आणि तो शब्द पुन्हा माझ्या अंगणात काढशील तर बघ. कट, कट, कट! दुपारपासून कान किटले. तुझी ही बहीण भूमिका दहादा मेली नि दहादा उठली. दात काढू नको गं, तुलाही सांगतोय. अंधार पडल्यावर मेलेल्या माणसाला ऊठ म्हणता, अक्कल कुठे गहाण टाकली?

का म्हणून काय विचारता? कापसाच्या पऱ्हाट्या सरकवा शेकोटीत आणि बसा. आपला जीवराम टेम्पोवाला माहीत आहे ना? स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावरून उडी मारून आत जातो अन् तुम्ही कार्टी त्याला बेडूक म्हणता, तोच. त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. त्यानं मला एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला की उठून जातो.

सोनगीरला हायवेच्या कडेला कुंदाबाई राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या. तरुणपणी मुंबईला पळून गेल्या आणि पिक्चरमध्ये काम करायला लागल्या. मोठे पिक्चर नव्हेत बरं का. हलके, काळे-पांढरे, आठवड्याभरात थेटरातून उतरणारे. सगळी गोष्ट रात्रीची, धुराची, पिस्तुलांची. बाई त्यात कायम वाईट बाई. क्लबात गाणार, हिरोला फसवणार आणि शेवटच्या रिळात मरणार. कुणी गळा दाबला, कुणी गोळी घातली, कुणी गच्चीवरून ढकललं. एकाही पिक्चरमध्ये बाई जिवंत घरी गेली नाही. तेच त्यांना आयुष्यभर सललं. म्हणायच्या, "जीवराम, एकदा तरी शेवटाला मी उभी पाहिजे होते अन् मला मारणारा तो आडवा."

पण असलं काम त्यांना कोण देणार? पुढं रंगीत पिक्चर आले, नव्या पोरी आल्या, आणि बाई गावाला परत आल्या. जीवराम त्यांचा भक्तच. येता-जाता भेटल्याशिवाय राहायचा नाही.

बाईंच्या पदराच्या गाठीत खडूचा तुकडा असायचा. गल्लीतली पोरं जमली की जमिनीवर फुली काढायच्या. "ही पडायची जागा. कॅमेरा इथंच बघतो. मरणाऱ्यानं फुलीवरच पडायचं, अन् डायरेक्टर कट म्हणेपर्यंत पापणी हलवायची नाही." मग अशी किंकाळी ठोकायच्या की कुत्री पळायची. आडव्या व्हायच्या, डोळे उघडे ठेवून. पोरं ओरडायची "कट!" की हसत उठायच्या. सगळ्या गल्लीला त्या किंकाळीची सवय झाली होती. तिथंच घात झाला.

घरात त्यांचा भाचा होता, रुपचंद. आत्याला फुई म्हणायचा. त्याचा एकच धोशा, "फुई, घर माझ्या नावावर कर, हॉटेल टाकतो." बाई म्हणायच्या, "मी मेल्यावर टाक." माणसानं जिभेवर काय आणावं याचा विचार करावा रे पोरांनो.

तर मागल्या थंडीतली गोष्ट. सोमवती अमावास्या. दुसऱ्या दिवशी धुळ्यात काही हौशी लोक बाईंचा जुना पिक्चर दाखवणार होते, सत्कारही होता. बाईंनी जीवरामला फोन केला, "येताना धुळ्याहून लाल लिपस्टिक आण. तिच्याशिवाय मी स्टेजवर चढायची नाही." काळ्या-पांढऱ्या पिक्चरमध्ये लाल कुठली दिसणार, पण बाईंचा हट्टच तो. जीवरामनं आणली. रात्री साडेदहाला त्यानं टेम्पो त्यांच्या घरासमोर लावला.

तेवढ्यात आतून किंकाळी आली.

कोपऱ्यावरचा पानवाला शटर ओढत होता. हसला. "बाई पिक्चर करी ऱ्हायनी, भो." जीवरामही हसला. उद्याची तालीम चालली असेल, मध्येच जाऊन मोडायची कशाला? टेम्पोला टेकून त्यानं बिडी पेटवली.

दुसरी किंकाळी. "रुपचंद… नको रे…"

वा, आज भाच्यालाही कामाला लावलंय, असं वाटलं त्याला. कौतुक वाटलं, पोरांनो.

मग धप्… धप्…

मग काहीच नाही.

बिडी संपली. जीवराम दारापाशी गेला. दार नुसतं लोटलेलं. बाई जमिनीवर. डोळे उघडे, पापणी हलत नाही. तो उंबऱ्यावर उभा राहिला, टाळी वाजवली आणि म्हणाला, "कट! अक्का, कट! ऊठ आता."

आणि मग त्याला दिसलं. डोक्याची उजवी बाजू… नव्हतीच. रक्त त्याच्याच पायाकडे येत होतं.

दारामागून रुपचंद निघाला. हातात वरवंटा. वरवंट्याला पांढरे केस.

"तू कशाले उना रे?"

जीवराम कशाला आला, हे सांगायची वेळ होती का ती? पळावं, तर पाऊल उचलेना. रुपचंदनं वरवंटा वर नेला…

रुपचंदच्या मागं बांगड्या वाजल्या.

बाई उठत होत्या.

सावकाश. कट म्हटल्यावर उठायच्या, तशाच. आधी कोपर. मग गुडघा. मान एका अंगाला लोंबत होती.

"फुई…" रुपचंद म्हणाला. 

बाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. जीवरामपुढं हात केला.

"आणलीस?"

त्यानं दिली. कशी दिली, त्याचं त्याला ठाऊक नाही. बाईंनी लिपस्टिक लावली. आरसा नाही. तोंड वाकडं झालेलं, पण रेघ सरळ. मग पदराची गाठ सोडली. खडू काढला. रुपचंदच्या पुढ्यात फुली मारली.

"रिटेक," म्हणाल्या.

आणि वरवंटा त्याच्या हातातून काढून घेतला. पोराच्या हातून खुळखुळा घ्यावा, तसा. पाण्याचा तांब्या दोन हातांनी उचलणारी बाई ती!

पहिला घाव गुडघ्यावर. तो खाली आला. दुसरा जबड्यावर. दात फरशीवर उडाले. तो सरपटत दाराकडे निघाला. बाईंनी केस धरले. ओढत माघारी आणला. फुलीवर ठेवला.

"इथं. कॅमेरा इथं बघतो."

मग… किती घाव, जीवरामला माहीत नाही. आवाज तेवढा आठवतो. आधी कडक होता. मग ओला झाला…

मग थांबला.

तो आडवा. बाई उभ्या.

हसल्या त्या. जीवरामकडे वळल्या. अगदी मायेनं विचारलं…

"बिडी झाली का रे पिऊन?"

…

आणि आधी पडल्या होत्या तिथंच जाऊन निजल्या.

पोलिस आले. जीवराम म्हणाला, मी आलो तेव्हा दोघंही पडलेले होते. दुसरं काय सांगणार बिचारा? लोक म्हणाले, म्हातारीनं मरता मरता त्यालाही संपवलं. डॉक्टर म्हणाले, छे, म्हातारी आधी गेली, तो मागाहून. 

पहाटे जीवराम इथं शिंदखेड्याला घरी आला. भिकुबाईनं, त्याच्या बायकोनं, दार उघडलं. खाली बघून म्हणाली, "आवं, हे कोणी काढलं?"

उंबऱ्याच्या आत, फरशीवर, खडूची फुली. ताजी. भुकटी अजून बाजूला पडलेली.

भिकुबाईनं ती ओल्या फडक्यानं पुसली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तिथंच. जीवरामनं फरशी उखडून नवी बसवली. तिच्यावरही.

दार उघडून आत गेलं की पहिलं पाऊल बरोबर तिथं पडतं. म्हणून तो उडी मारतो. हसा आता.

साठी उलटली त्याची. गुडघे धरलेत. परवा इथंच, तू बसलीस ना भूमिका, तिथं बसला होता.  उठताना म्हणाला,

"सुपडूआबा… आता उडी पुरत नही."