थोरल्या दादांना उताणं ठेवू नये

मंगळवारी जेवण उरकून ग्वानबाईंनी थर्मासमध्ये गरम पाणी भरलं आणि त्या सामानाच्या खोलीत बाळ आणायला गेल्या. बाळ म्हणजे लाकडाचं, हातभर लांबीचं. जुन्या संगीत नाटकांत जिथे तान्हं मूल लागे तिथे त्यांच्या नाट्यशाळेत हे एकच बाळ कुशीत घेतलं जाई. त्याचा मूळ रंग कोणता, हे आता कुणालाच आठवत नव्हतं.

पेटाऱ्यांची राखण करणारे फूकाका बायकोच्या ऑपरेशनसाठी गावी गेले होते. जाताना किल्ल्या देऊन चार-चारदा बजावून गेले होते, की त्याला बाळ म्हणायचं नाही, थोरले दादा म्हणायचं. नाटकमंडळीत पहिले शिष्य ते, बाकी आपण सगळे धाकटे. उचलण्याआधी दोन्ही हात जुळवून वाकायचं, आणि काम झालं की पेटाऱ्यात पालथं निजवायचं. उताणं कधीच ठेवायचं नाही.

ग्वानबाईंनी हे सगळं एकतीस वर्षं निमूटपणे केलं होतं. पण त्या दिवशी सकाळपासून आठ मुलांचे आठ प्रवेश घेऊन झाले होते, घसा बसला होता, थंडीने गुडघे बोलत होते आणि अभिजात नाटकातलं एक वाक्य एकाही मुलाला अर्थ समजून म्हणता आलं नव्हतं. त्यांनी वाकणं टाळलं. पेटारा उघडला, बाळाचा एक पाय धरून ते वर काढलं आणि काखोटीला मारलं.

तालमीच्या दालनात रुईछिन एकटीच पांढऱ्या लांब बाह्या झटकत उभी होती. शुक्रवारी तीन वाजता प्रांताच्या नाटकमंडळीसाठी निवड होती. जागा एक, आणि तीही आईच्या भूमिकांची. रुईछिन आधी दोनदा नापास झाली होती आणि पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार होतं. वडिलांनी एका नातेवाइकाच्या हॉटेलात तिच्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता. अकराव्या वर्षापासून पहाटे उठून आडव्या दांडीवर पाय ताणत आलेल्या पोरीने आता येणाऱ्या-जाणाऱ्यांना खोल्यांच्या किल्ल्या द्यायच्या, या विचाराने ग्वानबाईंना रात्र रात्र झोप लागत नव्हती. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. होती ती ही अशी, दर वर्षी येणारी आणि जाणारी.

प्रवेश पुराच्या वर्षातला होता. उपासमारीने खंगलेली आई धक्क्यावर येते, तान्हं मूल नावाडिणीच्या हाती देते आणि मागे न बघता निघून जाते. नावाडीण ग्वानबाई स्वतःच करत.

"थांब," त्या चौथ्यांदा म्हणाल्या. "बाळ धरलंयस की मंडईतला कोबी?"

"बाई, लाकूडच आहे की हो ते."

"शुक्रवारी निवडीच्या साहेबांना सांग तसं. म्हणावं, माफ करा, लाकूड होतं म्हणून रडू आलं नाही."

रुईछिन हसली, पण लगेच तिचा चेहरा पडला. "मला जमतच नाहीये, बाई. शब्द येतात, सूर येतो. पुढे काहीच होत नाही."

ग्वानबाईंनी बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि ते तिच्या मांडीवर उताणं ठेवलं. "याच्या तोंडाकडे, या उघड्या डोळ्यांकडे बघ. आणि याला खोलीवर घेऊन जा. शुक्रवारपर्यंत खाली ठेवायचं नाही. याला घेऊनच जेव आणि याला घेऊनच झोप."

"पण बाई... थोरले दादा ना हे? फूकाकांनी पाहिलं तर..."

"फूकाका गावी आहेत. मी आहे ना इथे."

बुधवारी रुईछिन तालमीला आली ती एका हाताने शेवया खात, दुसऱ्या हातात बाळ. प्रवेश सुरू झाला आणि मिटलेल्या हातपंख्याने टेबलावर ताल देणारा ग्वानबाईंचा हात मध्येच थबकला. पोरीने बाळाचं डोकं कोपराच्या खळगीत असं सावरलं होतं की बाईंना उगीचच स्वतःच्या आईची आठवण आली. शिकवून न येणारी गोष्ट एका रात्रीत आली होती. त्यांना इतका आनंद झाला की त्या क्षणभर गुडघे विसरल्या.

गुरुवारी मात्र पोरीचे डोळे खोल गेलेले दिसले. तिच्या खोलीतल्या सोबतिणीने आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवलं होतं. दालनात आंबूस वास येत होता, दूध नासल्यासारखा. ग्वानबाईंनी खिडकी उघडली, तरी तो गेला नाही.

"बाई, हा जड होत चाललाय," रुईछिन हळूच म्हणाली.

"हात भरून आले असतील. म्हणजे काम होतंय."

"मी त्याला भिंतीकडे तोंड करून निजवते... तो पुन्हा माझ्याकडे वळतो."

"झोपेत तूच वळवत असशील."

"मी झोपलेच नाही, बाई."

ग्वानबाई कपातलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मग तेच उद्या वापर. आईला तरी कुठे झोप असते?" बोलताना त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

चारच्या सुमाराला फूकाकांचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं, शनिवारी सकाळी येतो, एवढं सांगून झाल्यावर ते घुटमळले.

"दादा पेटाऱ्यात आहेत ना, बाई? पालथे?"

"आहेत."

"हसू नका हं. माझे गुरू सांगायचे, पालथं ठेवलं की त्यांना कळतं, खेळ संपला. उताणे राहिले की त्यांना वाटतं प्रवेश चालू आहे. आणि प्रवेश चालू असताना ते बाहुलं नसतं."

"बरं," ग्वानबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. तेव्हाच उठून बाळ परत आणता आलं असतं. वसतिगृह समोरच होतं. पण शुक्रवार उद्यावर आला होता आणि पोरीचं काम उभ्या जन्मात इतकं चांगलं झालं नव्हतं. एक रात्र, एवढंच तर, असं मनाशी म्हणत त्यांनी त्या गोष्टीकडे कानाडोळा केला.

निवडीला नाटकमंडळीचे निये साहेब आणि आणखी दोघे ओव्हरकोट घालूनच बसले होते. दालनात बोलताना तोंडातून वाफ निघत होती. रुईछिनचा नंबर सातवा होता. ती धक्क्यावर आली, पहिली ओळ गायली, आणि साहेबांनी चहाचा कप तोंडापर्यंत नेला तो तसाच खाली ठेवला. मागे बसलेली मुलंही चुळबुळ करायची थांबली.

मग बाळ द्यायची वेळ आली. ग्वानबाई नावाडीण होऊन हात पसरून उभ्या होत्या. ताल वाजला. रुईछिनने बाळ दिलं नाही. ताल देणाऱ्याने प्रसंग सांभाळून घेत पुन्हा वाजवला, तरी ती जागची हलली नाही. साहेबांनी पेन उचललं. आई बाळ देत नाही म्हणजे प्रवेशच संपत नाही, आणि प्रवेश न संपवणारीला कुणी घेत नाही. दोन वेळचं अपयश ग्वानबाईंना समोर दिसायला लागलं.

"बाई..." रुईछिनचे ओठ जेमतेम हलले. "सोडत नाहीये तो..."

ग्वानबाईंनी खाली पाहिलं. पांढऱ्या बाहीचं टोक बाळाच्या मुठीत आवळलेलं होतं. त्या मुठीला कोरताना बोटं केलीच नव्हती, नुसता गोळा होता. बाहीवर मात्र पाच बारीक चुण्या पडल्या होत्या.

त्यांना पळून जावंसं वाटलं. मग त्यांनी पोरीच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. आपण हे तिच्या मांडीवर ठेवलं, आपणच घ्यायला हवं. त्यांनी नावाडिणीचं वाक्य म्हटलं, पण साहेबांना ऐकू जावं म्हणून नाही. बाळाच्या कानाशी वाकून, बसक्या घशाने त्या म्हणाल्या, "ये. आजपासून तू माझा. जन्मभर माझा."

बाही सुटली. ग्वानबाईंच्या हातांवर असा भार आला की त्यांचा एक गुडघा जमिनीला टेकला. रुईछिन मागे न बघता निघून गेली, अगदी नाटकात लिहिल्याप्रमाणे.

"हिला घेतली," निये साहेब शेजाऱ्याला म्हणाले. मग नाक शिंकरून पुढे म्हणाले, "आणि ती म्हातारीही कमालीची आहे."

अंधार पडायच्या आत रुईछिन पाया पडायला आली. तिच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. "बाई, तुम्हाला... जड नाही ना झाला?"

"लाकूड कसलं जड होतंय? जा, जेवून झोप आता."

मग ग्वानबाईंनी सामानाच्या खोलीत जाऊन हात जुळवले, नीट वाकल्या, बाळाला पेटाऱ्यात पालथं निजवलं. "खेळ संपला, दादा," त्या म्हणाल्या. पेटाऱ्याला कुलूप लावलं, खोलीला लावलं आणि दोन्ही किल्ल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या. घरी येऊन पेज प्यायल्या आणि आडव्या झाल्या.

शनिवारी सकाळी फूकाका आले तेव्हा ग्वानबाई खोलीच्या दाराशी स्टुलावर बसून होत्या. रुईछिनची बातमी ऐकून म्हातारा मनापासून खूश झाला. "पोरीने नाव काढलं. तुम्ही का एवढ्या उतरलात, बाई? आता तरी सुखाने झोपा." बोलता बोलता त्यांनी पेटारा उघडला. दादा होते तसेच, पालथे. फूकाका वाकले, दादांना उचलून खिडकीच्या उजेडात नेलं आणि त्यांच्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"बाई," ते म्हणाले, "दादांचे डोळे कुणी रंगवले?"

"कुणी नाही. का?"

"चाळीस वर्षं पाहतोय मी. डोळे उघडे होते हो यांचे." त्यांनी नखाने पापणी खरवडून पाहिली. रंग नवा नव्हता. पापण्यांच्या फटीत, सगळ्या अंगावर होती तशीच, वर्षानुवर्षांची धूळ बसलेली होती. "हे असे मिटले कधी?" त्यांचा आवाज चढला.

ग्वानबाई रात्रभर कुणाला तरी उशाला दिल्यासारखा भरून आलेला आपला डावा हात चोळत होत्या. त्यांनी मान वर न करताच बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोला, फूकाका. पहाटे कुठे डोळा लागलाय त्याचा."