मुठीत काय धराल

सांत ओरेल देशात प्रत्येक प्रेक्षणीय स्थळाच्या दारात पाच भाषांत एकच पाटी आहे. मराठी चौथ्या ओळीत येते: ‘जे सोबत न्यायचं आहे ते मुठीत धरा.’ नवे प्रवासी ती वाचून आधी खिसे चाचपतात. पाकीटमारांबद्दलची सूचना असावी, असं त्यांना वाटतं.

हा हिंदी महासागरातला सात बेटांचा देश. काळ्या वाळूचा किनारा, तीन टप्प्यांत पडणारा धबधबा, व्हॅनिलाच्या बागा, श्वास सोडल्यासारखं पाणी उडवणारा एक पोकळ खडक, वाळूत अंडी घालायला येणारी कासवं आणि पिलांना घेऊन जाणारे देवमासे. एवढं सगळं असूनही पंधरा वर्षांपूर्वी हा देश बुडायला आला होता. समुद्रात नव्हे, जांभयांत. प्रवासी येत, धबधब्यासमोर सरासरी दोन मिनिटं उभे राहत (पर्यटन खात्याने घड्याळ लावून मोजलं होतं) आणि म्हणत, “बघितलंय.” खरंच बघितलेलं असे. घरी सोफ्यावर बसून, डोळ्यांना व्हीआरचा चष्मा लावून, वरून, खालून आणि पाण्याच्या आतून. त्या मानाने खरा धबधबा लांब होता आणि तिथे डास होते.

त्यावर उपाय काढला डॉ. यशोदा भिवाजी यांनी. त्यांचे पणजोबा रत्नागिरीहून इथे ऊस तोडायला आलेले. मराठी गट आला की त्या स्वतः बोलायला येत.

एका वर्षी मिरजेच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे बावीस जण आले होते. त्यांत श्रीपादराव गुळवणी, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या पत्नी कुंदाताई. शिवाय श्रीपादरावांचे थोरले बंधू अण्णा, वय ब्याऐंशी, विधुर, ज्यांच्यासमोर गुळवण्यांच्या घरात अजून कुणी पाय पसरून बसत नाही.

विमानतळापासून हॉटेल दोन तासांवर. बस सुटल्यावर दहाव्या मिनिटाला कुंदाताई झोपल्या, डोकं नवऱ्याच्या खांद्यावर. बेचाळीस वर्षांत या जोडप्याने चारचौघांत एकमेकांना स्पर्श केला असेल तर तो असाच, गाडीत, झोपेच्या सबबीखाली. श्रीपादरावांनी दोन तास खांदा हलवला नाही. उतरल्यावर मात्र “मुंग्या आल्या, मुंग्या आल्या” हे सगळ्या बसला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी धबधब्याच्या पायथ्याशी, काचेच्या दालनात डॉक्टर बोलायला उभ्या राहिल्या.

“डोक्यात दोन वह्या आहेत असं समजा. पहिलीत माहिती. हा कोण, याचं नाव काय, चहात साखर किती घेतो. दुसरीत नुसती खूण, की याच्याशी आपली गाठ पडलेली आहे. ही दुसरी वही कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या एका घडीत असते. तुम्ही धबधबा बघता, ती म्हणते, झालाय, पुढे चला. आम्ही तिला निळ्या प्रकाशाने दिवसभर निजवतो. याला आम्ही सैलावणी म्हणतो.”

“म्हणजे सगळं विसरायचं?” श्रीपादरावांनी विचारलं.

“काही विसरत नाही काका. पहिली वही उघडीच असते. नाव, गाव, बायकोचा वाढदिवस, सगळं आठवतं.”

“तो त्यांना आत्ता तरी कुठे आठवतो,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मग मुठीत धरायचं ते कशाला?”

“ती खुंटी. प्रकाशाच्या तीन मिनिटांत जे मुठीत असेल त्याची खूण हात मेंदूला सारखी कळवत राहतो. तेवढी गाठ सैल होत नाही. नुसतं हाताला लागून चालत नाही, बोटं मिटलेली पाहिजेत. म्हणून जोडप्यांनी एकमेकांचे हात धरायचे. नाहीतर दिवसभर नवराबायकोच एकमेकांना नवे. झोपलं की सकाळी गाठ पुन्हा बसते. घाबरायचं काही नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावणं आणि ऐकणं यांचा ज्येष्ठ नागरिक संघात फारसा संबंध नसतो. तरी बाकीच्या जोडप्यांनी शालीखाली, पदराआड, कसंबसं जमवलं. गुळवण्यांच्या अगदी समोरच्या खुर्चीत अण्णा काठी धरून बसले होते. अण्णांच्या डोळ्यांदेखत बायकोचा हात धरायचा, ही गोष्ट श्रीपादरावांच्या कुठल्याच वहीत नव्हती. त्यांनी दशम्यांची पिशवी घट्ट धरली. कुंदाताईंनी पासपोर्टांची पर्स धरली. निळा प्रकाश लागला आणि गेला.

धबधबा कोसळत होता. कुंदाताईंना वाटलं, पाणी असं वरून खाली पडतं हे आपल्याला आजवर कुणी सांगितलंच नाही. शेजारी एक गृहस्थ उभे होते. हे आपले यजमान आहेत हे त्यांना माहीत होतं, पृथ्वी गोल आहे हे माहीत असतं तसं.

“बसा ना,” गृहस्थ म्हणाले. “इकडे सावली आहे.”

त्या बसल्या.

“तुम्हाला पाणी आवडतं?”

“आवडतं. पण पोहायला कधी गेले नाही.”

“का बरं?”

आणि गृहस्थ थांबले. कुंदाताईंना ते थांबणं लख्ख जाणवलं. विचारून झाल्यावर हा माणूस स्वतःच उत्तर देत नव्हता. मग त्या बोलू लागल्या. कृष्णेच्या घाटावर भाऊ पोहायचे आणि त्यांना कपडे सांभाळायला बसवायचे, तिथून सुरुवात झाली. काळ्या वाळूवर पोचेपर्यंत सासूबाईंच्या अंथरुणातल्या अकरा वर्षांपर्यंत बोलणं आलं. त्या बाई यांच्याच आई, हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आड आलं नाही.

“फार थकले हो मी,” त्या म्हणाल्या.

“थकणारच,” गृहस्थ म्हणाले. पिशवीतून दशमी काढून पहिली त्यांना दिली.

समोर एक कासव वाळू उकरत होतं. त्याच्याकडे बघत बघत दोघांनी अख्खी दशमी सावकाश खाल्ली.

सकाळी गाठ पुन्हा बसलेली होती. श्रीपादरावांनी चहा गार असल्याचं सांगितलं आणि नाश्त्याच्या टेबलावर केरळच्या एका जोडप्याला एक्क्याण्णव सालची तासगावची गोष्ट ऐकवायला घेतली: दोन भावांचा बांध, मोजणीची साखळी आणि झेंडी पळवणारं कुत्रं. कुंदाताई ती गोष्ट त्यांच्या अर्धं वाक्य पुढे राहून ऐकत होत्या. कुत्रं यायच्या आधीच त्यांना कुत्रं दिसलं.

“काल मी बोलले ते आठवतंय?” त्यांनी नंतर विचारलं.

“आठवतंय की. आईचं. बरं झालं बोललीस ते. तो मुरंबा सरकव इकडे.”

तिसऱ्या दिवशी, पोकळ खडकापाशी, कुंदाताईंनी दशम्यांची पिशवी स्वतःच्या हाताने त्यांच्याकडे दिली. “सांभाळा,” त्या म्हणाल्या. श्रीपादरावांनी सांभाळली. त्यांना यात काही डाव असेल अशी शंका आली नाही, कारण पिशवी सांभाळणं हे त्यांचं नेहमीचंच काम होतं. तो दिवसही पहिल्यासारखाच चांगला गेला.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी कुंदाताईंना केंद्राच्या व्हरांड्यात बोलावून घेतलं. कोणी मुठीत काय धरलं याची तिथे नोंद ठेवतात.

“बाय, दोनदा पर्स धरलीस. पहिल्यांदा चूक समजले मी. दुसऱ्यांदा नाही.”

कुंदाताईंनी पर्स पदराखाली घेतली.

“उद्या देवमासे. ती तुमची शेवटची सैलावणी. एकाच माणसाबरोबर तीनदा खुंटीविना दिवस काढला, तर झोपेत ती गाठ पुन्हा बसत नाही. त्या माणसापुरती दुसरी वही मिटते. कायमची.”

“माहिती राहते ना पण?”

“सगळी. घर चालतं, स्वयंपाक चालतो, भांडणंसुद्धा चालतात. नियमाप्रमाणे मला दोघांना सांगावं लागतं. ठरवायचं तुमचं तुम्ही.”

“आणि एकानेच धरलं तर?”

“ज्याने धरलं त्याची गाठ राहते. गाठ ज्याच्या त्याच्या डोक्यात असते.”

कुंदाताई व्हरांड्याच्या कठड्याला टेकल्या. “वाईट नाहीत हो ते,” त्या म्हणाल्या. “पण तोंड उघडायच्या आधी मला सगळं ऐकू आलेलं असतं. माझे कान थकलेत, डॉक्टर. बाकी काही नाही. आणि मी बोलायला लागले की त्यांनाही तसंच होत असणार.”

“असणार.”

“तुम्ही करून घेतलंय कधी?”

“एकदाच. खुंटी न धरता घरी गेले. आईने चहा आणून दिला. चांगली बाई वाटली. फक्त चप्पल मी उंबऱ्याबाहेर काढली, पाहुणे काढतात तशी. परत नाही केलं. आमच्या वाटाड्यांपैकीही कोणी करत नाही.”

माणूस दुसऱ्याच्या अनुभवातला आपल्या कामाचा तेवढा तुकडा उचलतो. कुंदाताईंनी ‘चांगली बाई वाटली’ एवढं घेतलं आणि चप्पल तिथेच ठेवली.

श्रीपादरावांना छापील कागद मिळाला. त्यांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला, खालची बारीक अक्षरंसुद्धा. बायकोला काय हवंय, हे मात्र विचारलं नाही. विचारायची रीत त्यांना दोन दिवस आली होती, पण ती निळ्या प्रकाशातली. संध्याकाळी व्हॅनिलाच्या बागेतून फिरताना ते म्हणाले, “मोजणीत कसं असतं, बाकीचे दगड हलले तरी चालतं. एक दगड जाग्यावर लागतो. त्याच्यावरून सगळं पुन्हा मांडता येतं.”

“हं,” कुंदाताई म्हणाल्या. हेही त्यांनी पूर्वी ऐकलेलं होतं. तासगावच्या गोष्टीच्या शेवटी येतं ते. आज ते कुणाबद्दल आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही, ते सांगता येत नाही. इतक्या वेळा ऐकलेल्या वाक्यात नवा अर्थ शिरायला जागा राहत नाही.

पाचव्या दिवशी धक्क्यावरच्या दालनात अण्णा पुन्हा नेमके समोर बसले. श्रीपादराव उठले, दशम्यांची पिशवी अण्णांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “धरा जरा.” अण्णांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग भावाकडे. श्रीपादराव आपल्या जागेवर आले आणि बावीस जणांच्या संघासमोर, थोरल्या भावासमोर, त्यांनी बायकोचा डावा हात हातात घेतला. मूठ मिटली. कान तांबडे झाले होते.

अण्णांनी मान वळवली आणि ते खिडकीतून समुद्र पाहू लागले. घराण्यात त्यांनी कुणाला दिलेली ही पहिलीच सवलत असावी.

निळा प्रकाश लागला. पहिल्या मिनिटात श्रीपादरावांना वाटलं, तिला सवय नाही म्हणून. दुसऱ्या मिनिटात वाटलं, आपला तळवा घामेजलाय म्हणून. तिसऱ्या मिनिटात त्यांना काही वाटेनासं झालं. त्यांच्या मुठीत कुंदाताईंची चारही बोटं सरळ होती, फुटपट्टीसारखी. उजव्या हाताने त्यांनी पर्स पकडली होती. ती मूठ मात्र घट्ट होती.

डॉक्टर नोंदवही घेऊन रांगेतून गेल्या. गुळवण्यांपाशी दोनदा लिहिलं, दोन वेगळ्या रकान्यांत.

देवमासे छान दिसले. मादी पाण्याबाहेर आली तेव्हा कुंदाताईंनी टाळ्या वाजवल्या. श्रीपादराव कुंदाताईंकडे बघत होते. त्यांना देवमासा नवा होता आणि बायको जुनी. अशी जुनी बायको त्यांनी अनेक वर्षांत नीट बघितली नव्हती.

सहाव्या दिवशी परतीची बस निघाली. तेच दोन तास. कुंदाताईंनी सकाळी उठून चहात बरोबर दीड चमचा साखर घालून दिली होती, गोळ्यांची आठवण केली होती. माहिती सगळी जागच्या जागी होती. श्रीपादरावांना क्षणभर वाटलं, डॉक्टरांचं गणित चुकलं असेल.

घाट लागला तेव्हा त्या म्हणाल्या, “ती तासगावची गोष्ट सांगा ना.”

“तुला माहीत आहे ती.”

“माहीत आहे. पण सांगा तुम्ही.”

त्यांनी सांगितली. कुंदाताई त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकत होत्या. बांधाच्या जागी काळजीत पडल्या, कुत्र्याच्या जागी खळखळून हसल्या. “मग?” असं तीनदा विचारलं. एवढी चांगली श्रोती श्रीपादरावांना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. गोष्ट संपली, दगडाचं वाक्यही आलं. “किती छान बोललात,” त्या म्हणाल्या.

मागे सगळा संघ झोपला होता. अण्णांची काठी बसच्या हेलकाव्याबरोबर इकडून तिकडे सरकत होती. सहा दिवसांच्या भटकंतीने कुंदाताईंचे डोळेही मिटू लागले. श्रीपादरावांनी उजवा खांदा किंचित खाली घेतला आणि ते स्थिर बसले.

डोकं कललं. खांद्याला टेकता टेकता त्या दचकून जाग्या झाल्या आणि ताठ बसल्या.

“माफ करा हं.”

“असू दे. झोप तू.”

“नाही नाही. बरं नाही दिसत ते.”

त्यांनी पर्स दोघांच्या मधे ठेवली, तिच्यावर मूठ मिटली आणि त्या पेंगुळलेले डोळे मोठे करून समोरचा रस्ता बघत राहिल्या. आणखी दोनदा डोकं कललं. दोन्ही वेळा त्यांनी ते वरच्यावर सावरलं.

विमानतळ येईपर्यंत श्रीपादरावांनी खांदा हलवला नाही. उतरताना त्यांनी तो चाचपून पाहिला. मुंग्या आल्या नव्हत्या.