वरच्या ठाण्यातला खोकला

दुपारचं जेवण अर्धवट टाकून ती गाडीत बसली, तेव्हा डोंगरावर काही विपरीत घडेल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मनात होता तो फक्त संताप. नेटवर्कच्या ऑफिसात तिला पाठीमागे सगळे ठिणगी म्हणायचे, आणि त्या दिवशी ठिणगीचा वणवा व्हायचाच काय तो बाकी होता.

कारण साधं होतं. डोंगरापलीकडच्या इस्पितळाची इंटरनेटची लाइन रोज दुपारी पडत होती. दोघं जण वरच्या ठाण्यात जायचे, एक दाराशी थांबायचा, दुसरा निसटलेली केबल परत खोचायचा, तक्रारीवर 'लाइन सुरळीत' असा शेरा पडायचा आणि विषय मिटायचा. तिची धाकटी बहीण त्या इस्पितळात नर्स होती. सकाळीच तिचा फोन आला होता.

"ताई, काल डोक्याला मार लागलेली एक बाई आणली होती. शहरातल्या डॉक्टरांना फोटो पाठवत होतो, मध्येच तुमची लाइन गेली. तुम्ही लोक करता काय तिथे बसून?"

"ती बाई..."

"वाचली. तिच्या नशिबानं. तुमच्या कृपेनं नाही."

हे साहेबांच्या कानावर घातलं, तर ते स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले, "केबल सैल असेल. घट्ट करा आणि तक्रार बंद करा."

"सर, रोज सैल कशी होते?"

"तुम्हाला प्रश्न विचारायला ठेवलंय की तक्रारी बंद करायला?"

जिभेवर आलेलं उत्तर गिळून ती जोडीदाराची वाट न बघता एकटीच निघाली होती.

वरचं ठाणं म्हणजे नेटवर्कची यंत्रं ठेवलेली, डोंगरमाथ्यावरची एक बिनखिडकीची खोली. माथ्यावर ढग उतरले होते. गाडीतून उतरली तर स्वतःचे बूटही धड दिसेनात. तिनं जाड लोखंडी दार ओढलं. आत यंत्रांच्या कपाटांमधून पंख्यांची एकसुरी घरघर चालली होती. तापलेल्या धुळीचा वास येत होता, आणि त्याच्याखाली आणखी एक, खूप वेळ अंगात राहिलेल्या शर्टासारखा. ती आत शिरली आणि मागे दार आपल्याच वजनानं लागलं.

तिनं ऑफिसात स्क्रीनपुढे बसलेल्या काकांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन एका कपाटावर ठेवला. काका तिथले सगळ्यांत जुने. त्यांच्याशी तेवढं तिचं पटायचं.

"काका, केबल घट्ट आहे. लाइन चालू दिसतेय ना?"

"चालू आहे गं. एकदम व्यवस्थित."

टक्.

तिच्या डोळ्यांदेखत केबलची खिटी दबली, टोक अलगद बाहेर आलं आणि लोंबकळत राहिलं.

"पडली बघ," काका म्हणाले.

तिनं केबल परत खोचली. दोन बोटांनी ओढून पाहिली, हलेना. हात काढला मात्र... टक्. या वेळी अलगद नाही. कुणीतरी हिसडा मारावा तशी.

दुसरी कुणी असती तर दाराकडे पळाली असती. हिच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. कालची ती बाई, बहिणीचा आवाज, साहेबांचं ते तोंड, सगळं एकदम उसळून आलं.

"कोण आहे रे?" ती किंचाळली. "माणसं मरायला टेकतात तिकडे! हिंमत असेल तर समोर ये!"

कपाटांच्या मागून कुणीतरी खोकलं. कोरडा, छातीतून ओढून काढलेला खोकला.

"अगं..." काकांचा आवाज अगदी खाली आला. "तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग खोकलं कोण?"

ती उत्तर देणार, इतक्यात छतावरचा भोंगा कोकलायला लागला. लाल दिवा फिरू लागला. धूर नाही, आग नाही. पण धूळ बसलेल्या सेन्सरला आगीचा भास झाला होता. आता आग विझवणारा गॅस सुटणार, आणि तो आगीबरोबर माणसाचाही श्वास विझवतो. ती दाराकडे झेपावली. दाराची मूठ फिरवली. मूठ गरगर फिरत राहिली, दार हललंही नाही.

भिंतीवर गॅस रोखायचं पिवळं बटण होतं. ते दाबून धरलेलं असेल तोवर गॅस सुटत नाही. तिनं धावत जाऊन ते दाबलं. पण ते धरून दारापर्यंत हात पोचत नव्हता.

"काका, दार आतून उघडत नाहीये! कुणाला तरी पाठवा!"

"पाठवतो. पण वर यायला वेळ लागेल..." काका थांबले. "उस्तादचंही असंच झालं होतं गं. तू यायच्या आधी तो बघायचा ते ठाणं. असाच बटण धरून उभा होता. शेवटी हात थकला असेल, गॅस सुटला."

"तो तर नियम मोडून एकटा आत गेला होता ना?"

"तसं लिहिलं साहेबांनी. दाराची मूठ तुटलीय म्हणून उस्ताद किती दिवस कानीकपाळी ओरडत होता. साहेब दर वेळी तक्रार बंद करायचे. म्हणायचे, लाइन चालू आहे ना, मग दाराचं काय एवढं!"

तिच्या अंगातून भीती निघून गेली. लाइन चालू असली की इथे कुणी फिरकत नाही. लाइन पडली तरच माणूस वर येतो.

"म्हणून पाडतोस होय," ती कपाटांकडे बघत म्हणाली. "बरोबर करतोस. पण मी इथे मेले तर माझ्याही नावापुढे तेच लिहितील. मला जाऊ दे. हे दार बदलल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

खोकला आला. या वेळी तिच्या कानाशी. तो शर्टाचा वास अंगावर आला आणि तिच्या बोटांवर गार, खरखरीत काहीतरी टेकलं. तिनं एकेक बोट हळूच काढून घेतलं.

बटण दाबलेलंच राहिलं.

ती मागे न बघता दाराशी गेली. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरनं मुठीची पट्टी उचकटली, आतला खटका रेटला. दार उघडलं तशी बाहेरच्या गवतावर जाऊन पडली. दार मागे धाडकन लागलं, आणि आत गॅस फुसकारत सुटला. तिच्या हातात तुटकी मूठ होती. फोन आतच राहिला होता.

ती मूठ तिनं दुसऱ्या दिवशी भर मीटिंगमध्ये साहेबांच्या पुढ्यात आपटली.

"तुम्ही घाबरलात, त्यात मोडली असेल," साहेब म्हणाले.

"उस्तादनंही घाबरून मोडली का?"

तिनं तक्रार बंद करायला साफ नकार दिला. साहेबांनी आवाज चढवला, तिनं त्याहून चढवला. इस्पितळाच्या डॉक्टरांना कळवलं, कंपनीच्या मालकांच्या दारात जाऊन बसली. शेवटी नवं दार बसलं, साहेबांची खुर्ची गेली, आणि त्यानंतर इस्पितळाची लाइन एकदाही पडली नाही.

काका निवृत्त झाले त्या दिवशी जाता जाता तिच्या टेबलापाशी घुटमळले.

"तुला एक सांगायचं राहिलंय. तू बाहेर पडलीस, पण फोन आत चालूच होता. मी ऐकत होतो."

"मग?"

"आत दोघं होती. एक उस्ताद. त्याचा आवाज मी विसरणं शक्य नाही."

"आणि दुसरं?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"दुसरी तू होतीस."

"मी बाहेर होते, काका. गवतावर पडले होते."

"ठाऊक आहे मला." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "तू चिडून त्याला विचारत होतीस, 'ती बाहेर गेली, मग मी अजून आत कशी...'"