बुटांना जागा

डाव्या बुटाच्या तळाचा, बाहेरच्या कडेचा स्टड, म्हणजे पकडीचा गुटका, उजव्यापेक्षा तीन मिलिमीटर जास्त झिजला होता. व्हर्नियर कॅलिपरने मोजलं होतं, म्हणून खात्रीने सांगते. साल १९७८. दिवसा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, संध्याकाळी मुलींच्या फुटबॉल संघात फॉरवर्ड.

एका सरावात तो स्टड निखळला. मैदानासमोरच्या सायकलच्या दुकानात हातोडी दिसली, म्हणून तिथे गेले.

"या, पावणं." दुकानदाराने बूट उलटा करून अंगठा फिरवला. "तुम्ही सारखं डावीकडंच वळताय की."

"तुम्ही सामने बघता आमचे?"

"न्हाय. बूट बघतोय." मग त्याने मान वर केली. "आता बघीन."

मी हातोडीकडे बघत राहिले.

त्याचं नाव कृष्णात. आमच्या जैन घरात आई चामडं उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. बाहेर ठेवलं की उंदीर कुरतडत. हे कळल्यावर तो म्हणाला, "मग इथं ऱ्हाऊ द्यात. आमच्यात तर बूट चुलीपाशी वाळत्यात."

"तुमच्या आई काही म्हणत नाहीत?"

"म्हणती की. आधी बूट बाजूला कर, मग भाकरी टाकतो म्हणती."

बूट त्याच्या दुकानात खुंटीवर राहू लागले. रविवारी तो गोलच्या मागे उभा राहायचा. एकदा ओरडला, "राजमती, उजवीकडं!" मी वळले, समोरची बचावपटू डावीकडे गेली होती. गोल झाला. चार महिन्यांनी मोजलं, तर दोन्ही स्टडमधला फरक अर्धा मिलिमीटर. मी त्याला सांगितलं नाही. पण स्टड तोच बदलायचा, त्याला दिसलंच असणार...

एकदा चाकाच्या तारा ताणत तो म्हणाला, "बूट तर आमच्यातच हायत. तुम्हीबी—" मग चाकाला गिरकी दिली. "ऱ्हाऊ दे."

मला समजलं होतं.

त्याच महिन्यात कलकत्त्याच्या एका क्लबचं पत्र आलं. दोन वर्षांचा करार, होकार तीस तारखेपर्यंत कळवायचा. खेळायचं आणि त्याचाच दरमहा पगार. माझ्या ओळखीतल्या एकाही मुलीला असं पत्र आलं नव्हतं. घरात ठेवलं तर आईच्या हाती लागलं असतं, म्हणून सामन्यानंतर ते बुटात खुपसलं. बुटाला आई कधीच शिवणार नव्हती. ओल्या बुटांत कृष्णात वर्तमानपत्राचे बोळे कोंबतो, हे मात्र विसरले.

दुसऱ्या दिवशी पत्र बुटातच होतं. कोरडं, चार घड्या नीट घातलेलं.

पत्राचा विषय न निघता तीन आठवडे गेले.

तीस तारखेला गेले, तेव्हा माझे बूट कापडी पिशवीत बांधलेले होते. तळाला सगळे स्टड नवे.

"आज शेवटची तारीख न्हवं?" तो म्हणाला.

"तुम्ही वाचलंत."

"मॅट्रिकला इंग्रजीत गचकलोय. पण कलकत्ता आन तारीख वाचता येती."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? थांबा म्हणावं, आन तुम्ही थांबलाच तर..." तो हसला, फारसं जमलं नाही. "जन्मभर पंक्चरच्या दुकानात माझं टाळकं खाल."

"खाल्लं असतं."

"म्हणून बांधून ठिवलंय." त्याने पिशवी पुढे केली.

मी ती घेतली. वजन नेहमीपेक्षा जास्त वाटलं. नवे स्टड इतके जड नसतात आणि आत दुसरं काही नव्हतं, हे मला माहीत होतं.

"मी जाणार आहे," मी म्हणाले. "दोन वर्षं."

त्याने मान हलवली आणि उगाच पंप उचलला.

"आणि परत आल्यावर—" मी पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. "परत आल्यावर हे बूट चुलीपाशी वाळवायचेत, कृष्णात. तुमच्या चुलीपाशी. ते बाजूला करून भाकरी मी टाकीन... नाहीतर तुम्ही टाका."