कालमात म्हाताऱ्याचा फोन

तिकडच्या रिवाजाप्रमाणे तुर्दुबायच्या नातीच्या पायांना बांधलेला दोरा कापला आणि ती पहिल्यांदा चालली, त्या वर्षीची ही गोष्ट. ओश शहराच्या बाजारात, नदीकडच्या गल्लीत, एका जुन्या लोखंडी कंटेनरमध्ये त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं.

सोमवारी दुपारी रोट्या विकणारी बुरुल सासऱ्याचा, कालमातचा, फोन घेऊन आली. तो चार्ज होत नव्हता, सुरूही होत नव्हता. तिचा नवरा नुरदीन रशियाहून बसने निघाला होता.

"गुरुवार उजाडेल त्यांना पोचायला. बाबांचं काही खरं नाही, उस्ताद. ह्यात त्यांच्या लेकाचा, ह्यांचा, आवाज भरलेला आहे, तो तरी बाबांच्या कानाशी लावते."

तुर्दुबायने सुईने चार्जिंगचं भोक कोरलं, खिशातल्या लोकरीचा बोळा निघाला. "एवढ्या लोकरीत एक टोपी झाली असती, सूनबाई!"

केबल बदलली, बॅटरी बदलली. काही नाही. मग बॅटरी काढून त्याने टेबलावरच्या यंत्रातून, चिमटे लावून, बोर्डला थेट वीज दिली. बटण दाबेपर्यंत यंत्राचा काटा शून्यावर राहायला हवा. तो चढला, उतरला. सावकाश पुन्हा चढला, उतरला. शॉर्ट असेल म्हणून त्याने बोर्डला बोट लावलं. माणसाच्या कपाळाइतका कोमट.

त्याने एक चिमटा काढला.

बुरुलचा स्वतःचा फोन वाजला. पलीकडे सासू ओरडत होती, "अगं, ह्यांचा श्वास थांबला!"

तुर्दुबायने चिमटा परत लावला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"घेतला गं. घेतला श्वास."

बुरुल काट्याकडे बघत राहिली. "हे येईपर्यंत काढू नका."

"वेडी का तू? योगायोग असेल."

"मग परत काढून बघा."

त्याने काढला नाही. तीन दिवस तो काट्याकडे बघत जेवला. रोज सकाळी कुलूप उघडलं की काटा तसाच चढत-उतरत असे.

गुरुवारी दुपारी बुरुलचा फोन आला.

"पोचले हे. भेट झाली, आशीर्वाद झाला. आता हेच बाबांना चमच्याने पाणी पाजतायत. फार हाल होतायत बाबांचे, उस्ताद. काढा आता."

"नक्की?"

"काढा."

त्याने चिमटा काढला.

काटा उतरला आणि थांबला.

कानाशी धरलेल्या फोनमध्ये चमचा पडल्याचा आवाज आला. मग म्हाताऱ्याचा, अगदी खणखणीत:

"नुरदीन?"

नुरदीन त्याच गुरुवारी, चिमटा निघाला त्याच क्षणी, तीन वाजून वीस मिनिटांनी वारला. एकोणचाळीस वर्षांचा होता. कालमात अकरा वर्षांनी, वसंतात, झोपेत गेला.