तांदळातलं नाव

"ही कोण बाई?" प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसलेल्या बाबांनी नर्सला विचारलं.

"तुमची मुलगी ऋजुता हो, काका."

"छे, काहीतरीच!"

ऋजुता काचेच्या खोलीबाहेर आली. स्मृतिसेतू तिनंच बांधला होता. मेंदूतल्या आठवणी विझू लागल्या की मोबाइलमधल्या ॲपनं त्या जपायच्या आणि नाव कानावर पडलं की कानामागच्या यंत्रातून परत पुरवायच्या. माणसागणिक एक कप्पा, म्हणजे फोल्डर. आत चेहरा, आवाज, सगळं. त्या कप्प्याचा मार्ग म्हणजे आधी नातं, जसं मुलगी, आणि पुढे नाव.

तिचा सहकारी नंदन पडद्यात डोकं घालून बसला होता. "कप्पा आहे, पण रिकामा."

"रिकामा कसा? माझं अख्खं बालपण आहे त्यात!"

"बालपण केतकी पाठारेचं. हा कप्पा ऋजुता वैद्यचा."

गेल्याच महिन्यात तिचं लग्न झालं होतं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव, ऋजुता, लिहिलं आणि बाबांनी कौतुकानं मोबाइलमध्येही ते लगेच बदललं. ॲप नव्या मार्गानं गेलं. तिथं कप्पाच नव्हता. 'नसेल तर तयार कर' ही ॲपच्या कोडमधली ओळ ऋजुताचीच; 'सापडत नाही' असं सांगून पेशंटला कशाला घाबरवा, हे तिचं शहाणपण. बायकांची नावं तांदळात बदलतात त्या मुलखात राहून, नावावरून मार्ग आखायची दुर्बुद्धी तिला झाली होती.

"प्रत्येकाला न बदलणारा क्रमांक द्यायला हवा होता," नंदन पुटपुटला.

"आता अक्कल शिकवू नकोस! जुन्या नावानं बघ."

"अगं, पण ज्या कप्प्याकडे कुठलंच नाव नेत नाही, तो ॲपच्या सफाईत पुसला जातो..."

"बघ म्हणते ना!"

नंदननं नाव घातलं आणि तो ओरडलाच, "आहे! केतकी पाठारे, कप्पा आहे!"

"उघड."

त्यानं उघडला.

"रिकामा आहे. आत्ताच तयार झालाय. आपण विचारलं म्हणून."

आत बाबांचा चेहरा उजळला होता. ऋजुता धावत गेली.

"बाई, आठवलं बघा! मला दोन मुली आहेत. एक केतकी, एक ऋजुता."

"कशा आहेत हो त्या?" तिनं कसंबसं विचारलं.

बाबांनी खूप आठवून पाहिलं. मग त्यांचे डोळे भरून आले.

"कोण जाणे. दोघींपैकी एकही कधी भेटायला आली नाही."